टायर चढवण्यापूर्वी

विषयप्रवेश

मोटारीची चाके बदलताना जुन्या रिममध्ये बसवलेला हवेच्या दाबाचा संवेदक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सेन्सर, नव्या रिममध्ये घ्यावा, त्याच्या जागी नवा बसवावा की त्याच्याविनाच गाडी चालवावी, हा प्रश्न वरवर खर्चाचा वाटतो. परंतु धावत्या गाडीच्या चाकात काय चालले आहे हे चालकाला कोणत्या मार्गाने आणि किती वेळात कळावे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अधिक गंभीर आहे. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम कडेला असलेल्या वाकडमध्ये तो वारंवार उभा राहतो, कारण एका बाजूला हिंजवडीतील संगणक कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला चाकणचे कारखाने यांच्यामध्ये राहणाऱ्या येथील कुटुंबांची गाडी आठवडाभर भूमकर चौकाच्या कोंडीत रखडते आणि शनिवारी सकाळी तीच गाडी किवळ्याहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून ताशी 100 किलोमीटरच्या वेगाने धावू लागते. कोंडीत हवा कमी असलेला टायर केवळ झिजतो. द्रुतगती मार्गावर तोच टायर जीव धोक्यात घालू शकतो.

टायरमधील दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात आणि तिचे दोन प्रकार आहेत. प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक चाकात, बहुधा व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एक लहानसा संवेदक असतो. तो आतील हवेचा दाब आणि तापमान मोजून रेडिओलहरींद्वारे गाडीतील संगणकाला कळवतो, आणि प्रत्येक संवेदकाला स्वतंत्र ओळखक्रमांक असल्यामुळे कोणत्या चाकात किती दाब आहे हे चालकापुढे आकड्यांत मांडता येते. अप्रत्यक्ष पद्धतीत रिमच्या आत काहीही नसते. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा प्रत्येक चाकाच्या फिरण्याचा वेग मोजतच असते; हवा कमी झालेल्या टायरची फिरताना धरली जाणारी त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे ते चाक इतरांपेक्षा किंचित जलद फिरते, आणि या फरकावरून संगणक हवा कमी झाल्याचे अनुमान काढतो. हे दोन्ही प्रकार पाहण्यासाठी चाकणच्या औद्योगिक पट्ट्याबाहेर जाण्याचीही गरज नाही: तेथे तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 मध्ये, ज्या आवृत्त्यांना ही सोय दिली आहे त्यांत, प्रत्यक्ष पद्धत आढळते, तर तेथेच तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुनमध्ये अप्रत्यक्ष.

पुढील संवादात या प्रश्नाच्या दोन बाजू दोन कल्पित पात्रांच्या तोंडी घातल्या आहेत. एक पात्र वाकडमध्ये वर्षानुवर्षे टायरचे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांचे, तर दुसरे चाकणच्या वाहन उद्योगात चाचणी विभागात काम करणाऱ्या अभियंता स्त्रीचे आहे. जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय असा क्रम ठेवला आहे, कारण ज्या मताचे खंडन करायचे ते आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे, ही त्या रीतीची शिस्त या विषयाला विशेष उपयोगी आहे.

पूर्वपक्ष

दुकानदार: ताई, संवेदक जपण्याचा आग्रह धरणाऱ्याने आधी त्या वस्तूचे आयुष्य पाहावे. त्याच्या आतली बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षे चालते आणि ओलावा व हादरे यांपासून बचाव व्हावा म्हणून ती राळेसारख्या लेपात कायमची बंद केलेली असते. ती संपली की नवी घालता येत नाही, सगळा संवेदकच बदलावा लागतो. गाडी चाके बदलायला येते ती बहुधा पहिले टायर झिजल्यावर, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी. त्या वेळी जुना संवेदक नव्या रिममध्ये घातला, तर नव्या टायरचे निम्मे आयुष्य उलटायच्या आतच तो बंद पडण्याचा संभव असतो, आणि मग चांगला टायर उतरवा, संवेदक बदला, टायर पुन्हा चढवा, पुन्हा बॅलन्सिंग करा, असा सगळा खटाटोप दुसऱ्यांदा करावा लागतो.

अभियंता: काका, हा आक्षेप जुन्या संवेदकावर लागू होतो, संवेदक असण्यावर नाही, तरीही तो पूर्ण मांडला जाऊ द्यावा.

दुकानदार: दुसरा मुद्दा हाताळणीचा आहे. टायरची जी जाड कड रिमला घट्ट बिलगून बसते तिला बीड म्हणतात, आणि टायर उतरवताना यंत्राचे फावड्यासारखे पाते बाजूने दाबून ती कड आधी सोडवावी लागते. ते पाते व्हॉल्व्हच्या जवळ पडले, तर आतला संवेदक तिथल्या तिथे तडकतो आणि बाहेरून कोणाला काही दिसत नाही. शिकलेला कारागीर व्हॉल्व्ह पात्यापासून दूर फिरवून घेतो, परंतु रात्री महामार्गावर पंक्चर झाले आणि लोखंडी पट्ट्यांनी टायर उचकटणाऱ्या माणसाकडे चाक गेले, तर रिममध्ये संवेदक आहे हे त्याला सांगणार कोण? त्यातच पंक्चर थांबवण्यासाठी व्हॉल्व्हमधून ओतले जाणारे द्रव संवेदकाच्या बारीक छिद्रात थिजून बसले, तर त्याचे मोजमापच बिघडते.

तिसरा मुद्दा जुळणीचा आहे. बाजारात मिळणाऱ्या अलॉय व्हीलचा आतला आकार, व्हॉल्व्हच्या छिद्राचा व्यास आणि त्या जागेचा उतार मूळ रिमसारखाच असेल याची खात्री नसते. संवेदक तिरका बसला तर व्हॉल्व्हपाशी हवा झिरपते, म्हणजे हवा राखायला ठेवलेली वस्तूच हवा घालवू लागते. आणि शेवटचा मुद्दा असा की हे सगळे ज्यासाठी करायचे, ते काम एक साधे गेज करते. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, सकाळी टायर थंड असताना, चारही चाके आणि स्टेपनी तपासली, तर त्या गेजला ना बॅटरी लागते, ना संगणक, ना ओळखक्रमांक.

पूर्वपक्षाचे बळ यात आहे की त्यातील एकही विधान खोटे नाही. चांगल्या टायरमधूनही दर महिन्याला 1 ते 2 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तितक्या पौंडांचा दाब, आपोआप कमी होतो, आणि त्यावरचा उपाय नियमित तपासणी हाच आहे. शिवाय हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो: मे महिन्यात 38 अंश सेल्सिअस तापमानाला 32 पीएसआय हवा भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांना, हवेचा एक कणही न गळता, सुमारे 28 पीएसआय दाखवतो. मे ते डिसेंबर गाडीला गेज न लावणाऱ्याच्या टायरमध्ये थंडी आणि झिरपणे या दोहोंनी मिळून जी तूट येते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि हातालाही जाणवत नाही.

उत्तरपक्ष

अभियंता: काका, गेजची थोरवी मान्य केली तरी एक गोष्ट उरतेच. गेज उभ्या गाडीची स्थिती सांगते, तर संवेदक धावत्या गाडीची. सकाळी वाकडमध्ये चारही टायर बरोबर निघाले आणि किवळ्याच्या पुढे एखादा स्क्रू टायरमध्ये रुतला, तर ट्यूबलेस टायरमधील हवा भसकन न जाता हळूहळू जाते, आणि कामशेत येईपर्यंत दाब निम्म्यावर आला तरी काचा लावून, गाणी ऐकत जाणाऱ्या चालकाला ते कळत नाही. दाब घटला की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्याने तापते, तापलेले रबर आतील धाग्यांपासून सुटू लागते आणि शेवटी टायर फुटतो. लोक म्हणतात की टायर अचानक फुटला. परंतु हवा कमी होऊन फुटलेल्या टायरच्या बाबतीत त्या अचानकपणाच्या आधी कित्येक मिनिटे सूचना देता आली असती. टोकदार वस्तू घुसून एका क्षणात फुटणारा टायर कोणताही संवेदक आधी सांगू शकत नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दुकानदार: परंतु ही चैनीच्या गाड्यांची सोय होती; सामान्य गाडीला ती अत्यावश्यक कधीपासून झाली?

अभियंता: सुरुवात चैनीच्या गाडीतच झाली हे खरे, 1986 च्या पोर्शे 959 मध्ये ही यंत्रणा प्रथम आली. परंतु अमेरिकेत फायरस्टोन टायरचे थर सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटण्याचे अनेक अपघात झाले, त्यानंतर 2000 साली तेथे कायदा झाला, आणि सप्टेंबर 2007 पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला टीपीएमएस सक्तीची झाली. कोणत्याही टायरचा दाब ठरलेल्या दाबापेक्षा 25 टक्के वा अधिक घटला, तर 20 मिनिटांच्या आत चालकापुढे दिवा लागला पाहिजे, असा तो नियम आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती आवश्यक झाली. भारतात अशी सरसकट सक्ती नाही. मात्र जुलै 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली, ती ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टीपीएमएस या तिन्हींच्या अटीवर. म्हणजे ज्या गाडीला मुळातच स्टेपनी नाही, तिच्या बाबतीत संवेदक ही शोभेची जोडणी नसून स्टेपनी नसण्याची भरपाई आहे, आणि ती काढून टाकणारा माणूस दोन्ही आधार एकदमच गमावतो.

दुकानदार: या दुकानात चाके बदलायला येणारी बहुतेक मंडळी स्टेपनी असलेली गाडी आणतात आणि त्यांना फक्त मोठे, देखणे अलॉय हवे असते. त्यांच्यासाठी हा युक्तिवाद लागू पडत नाही.

अभियंता: त्यांच्यासाठी तर तो अधिकच लागू पडतो. रिम एक इंच मोठी घेतली की बाहेरचा व्यास तोच राखण्यासाठी टायरची भिंत बुटकी घ्यावी लागते. टायगुनचेच उदाहरण घेतले, तर 205/60 आर 16 या टायरचा एकूण व्यास सुमारे 652 मिलिमीटर आणि 205/55 आर 17 या टायरचा सुमारे 657 मिलिमीटर येतो, म्हणजे फरक एका टक्क्याहूनही कमी. परंतु भिंतीची उंची 123 मिलिमीटरवरून 113 मिलिमीटरवर येते. रेडियल टायर, म्हणजे ज्याचे आतील धागे बीडपासून बीडपर्यंत सरळ आडवे टाकलेले असतात असा आजचा नेहमीचा टायर, पुरेशी हवा असतानाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. भिंत बुटकी झाली की हवा कमी झाल्याचा फुगवटा आणि नेहमीचा फुगवटा यांतला फरक नजरेने ओळखणे आणखी अवघड होते. शिवाय पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात चाक आदळले, तर बुटक्या भिंतीचा टायर कमी दाबावर रिमचे रक्षण करू शकत नाही. ज्या बदलामुळे डोळ्यांची परीक्षा निकामी होते आणि कमी हवेची शिक्षा वाढते, नेमक्या त्याच बदलाच्या वेळी लोक संवेदक काढून ठेवतात, ही या व्यवहारातली खरी विसंगती आहे.

उलट प्रश्न

दुकानदार: ताई, आता एका प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे. दिवा लागत नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असे समजून गेज हातात न घेणारा चालक या यंत्रणेनेच तयार केला नाही का? 32 पीएसआयच्या टायरला 25 टक्क्यांच्या हिशेबाने दिवा लागतो तो 24 ला. मग महिनोन्महिने 26 वर चालवणाऱ्याला तो दिवा काय सांगतो?

अभियंता: काहीच सांगत नाही, आणि हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. जेथे पडद्यावर आकडे दिसतात तेथे ते वाचण्याची सवय लावता येते. परंतु जेथे केवळ दिवा आहे तेथे न लागलेल्या दिव्याचा अर्थ हवा बरोबर आहे असा नसून ती अजून फार घटलेली नाही एवढाच आहे. अप्रत्यक्ष पद्धतीत तर याहून मोठी मर्यादा आहे: चारही टायरमधील हवा सारखीच घटली, तर वेगांची तुलना करणाऱ्या साध्या यंत्रणेला फरकच दिसत नाही, आणि हवा भरल्यावर किंवा चाके बदलल्यावर चालकाने तिला नव्याने शून्यावर आणले नाही, तर ती चुकीच्या स्थितीलाच बरोबर समजून बसते. आणखी एक दोष नव्या चाकांबरोबर येतो: नव्या मापाच्या टायरला वेगळा दाब लागत असेल, तरी दिव्याची मर्यादा मात्र कारखान्याने मूळ टायरसाठी ठरवलेलीच राहते. आता एक प्रश्न उलट दिशेने. दर महिन्याला गेज लावू, असे सांगून संवेदक सोडून देणाऱ्या ग्राहकांपैकी किती जण खरोखर दर महिन्याला येतात?

दुकानदार: खरे सांगायचे, तर थोडे. बहुतेक जण गाडी एका बाजूला ओढू लागल्यावर किंवा शेजाऱ्याने टायर बसलेला दाखवल्यावर येतात. गेजचा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो पाळला जाईल असे गृहीत धरून दुसरा आधार काढून घेणे योग्य ठरत नाही.

अभियंता: आणि व्हॉल्व्हच्या टोपीसारखे बाहेरून बसवायचे संवेदक? त्यांची बॅटरी तर बदलता येते.

दुकानदार: ज्या गाडीला मुळात काहीच नाही तिला ते काहीच नसण्यापेक्षा बरे. परंतु ते रबरी व्हॉल्व्हच्या टोकावर वजन वाढवतात, वेगात तो व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला वाकवतात, हवा भरताना दर वेळी काढावे लागतात आणि रस्त्यावर उभ्या गाडीवरून सहज चोरीला जातात. ते लावायचेच असतील, तर आधी धातूचा व्हॉल्व्ह घालून घ्यावा.

येथे दोन्ही पक्ष आपापल्या जागेवरून थोडे सरकले आहेत. संवेदक गेजची जागा घेऊ शकत नाही हे एकाने, आणि गेज संवेदकाची जागा घेऊ शकत नाही हे दुसऱ्याने मान्य केल्यावर वाद उरतो तो केवळ कोणत्या गाडीत काय करावे याचा. आणि तो मताने नव्हे, तर तपासणीने सुटतो.

निर्णय

पहिली गोष्ट गाडीत कोणती पद्धत आहे हे ओळखण्याची. अप्रत्यक्ष पद्धत असेल, तर रिममध्ये जपण्यासारखे काही नसतेच. चारही टायर एकाच मापाचे घ्यावेत, एकूण व्यास मूळ व्यासाच्या अगदी जवळ ठेवावा, थंड टायरमध्ये योग्य दाब भरावा आणि मगच यंत्रणेला नवी स्थिती शिकवावी. या क्रमातला शेवटचा टप्पा आधी घेतला, तर बाकी सारे व्यर्थ जाते.

प्रत्यक्ष पद्धत असेल, तर टायर उतरवताना प्रत्येक संवेदकावर छापलेले उत्पादनाचे वर्ष पाहावे. दुकानात संवेदकाशी बोलणारे यंत्र असेल, तर त्याची बॅटरी आणि ओळखक्रमांकही वाचून घ्यावा. दोन-तीन वर्षांचा, न तडकलेला आणि नव्या रिममध्ये सपाट बसणारा संवेदक ठेवावा. मात्र त्याचे रबरी सील, वायसर, नट आणि व्हॉल्व्हच्या आतली पिन दर वेळी नवी घालावी, कारण एकदा दबलेले रबर दुसऱ्यांदा तितकेच घट्ट बसत नाही. ही पिन निकेलचा मुलामा दिलेलीच असावी, कारण ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातली, तर ओलाव्यात दोन धातूंमधील रासायनिक क्रियेने ती आतच गंजून अडकते. नट हाताच्या अंदाजाने न आवळता उत्पादकाने दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच आवळावा.

पाच वर्षांच्या पुढचा संवेदक नव्या टायरखाली पुरू नये. चारांपैकी एक बंद पडला असेल, तर उरलेले तीनही त्याच वयाचे असतात, म्हणून टायर उतरलेलेच असताना चारही बदलणे शहाणपणाचे ठरते. कामाचा मोठा खर्च टायर उतरवण्या-चढवण्याचा असतो आणि तो त्या दिवशी तसाही झालेला असतो. नवा संवेदक गाडीच्या यंत्रणेच्या रेडिओ-वारंवारतेवर चालणारा असावा आणि त्याचा क्रमांक गाडीच्या संगणकाला शिकवला गेला आहे याची खात्री दुकान सोडण्यापूर्वी करावी. जुनी चाके विकायची असतील, तर त्यांतले संवेदक विकले जात आहेत की काढून घेतले आहेत, हे घेणाऱ्याला सांगणे हा सचोटीचा भाग आहे.

संवेदकाविना चालवण्याचा पर्याय एकाच परिस्थितीत विचारात घेता येतो: गाडीला स्टेपनी आहे, वापर गावातल्या गावात आहे आणि गेज लावण्याची सवय आधीपासून आहे, लावू अशी इच्छा नव्हे. तेव्हाही डॅशबोर्डवर कायमचा पेटलेला दिवा ही किंमत मोजावी लागते, आणि एका दिव्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेली नजर इतर दिव्यांकडेही दुर्लक्ष करू लागते, हा त्या पर्यायाचा खरा तोटा आहे. स्टेपनी नसलेल्या गाडीला हा पर्याय नाही.

एकदा टायर चढला, बीड रिमला बसली आणि साबणाच्या पाण्याने व्हॉल्व्हपाशी बुडबुडे येत नाहीत हे पाहून झाले, की आत काय आहे हे पुढची कित्येक वर्षे कोणालाही दिसत नाही. म्हणून संवादाच्या अखेरीस दोन्ही पात्रे ज्या एका गोष्टीवर पूर्णपणे एकमत झाली, ती बिलाची होती. प्रत्येक चाकात संवेदक आहे की नाही, असल्यास कोणत्या वर्षाचा, सील नवे घातले की नाही आणि थंड टायरला किती दाब ठेवायचा, या चार ओळी दुकानदाराने बिलावर लिहाव्यात आणि ग्राहकाने ते बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. रात्री महामार्गावरच्या पंक्चरवाल्यापुढे तेच बिल धरता येते, आणि रिममध्ये संवेदक आहे हे त्या माणसाला सांगणार कोण, या दुकानदाराच्या प्रश्नाला तेथे उत्तर मिळते.